रामलिंगच्या माळावरची राहुटी

पौष लागला की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. वर्गात मुली खाली मान घालून गणितं सोडवत असतात आणि मी खिडकीशी उभी राहून पडद्याच्या दोरीला गाठ मारत असते. मारते, सोडते, पुन्हा मारते. घरी आई ओरडते, "अगं, पदराचं टोक किती पिळशील? चिंध्या झाल्या त्याच्या." मी म्हणते, काही नाही. माझं हे उत्तर इतकं नेहमीचं आहे की आता ते कुणी ऐकतही नाही.

बाहेर जोंधळा दुधात आलेला असतो. सकाळचं वारं अंगावर मुठीनं धूळ मारत येतं. गावाबाहेर कुठंतरी हुरड्याची आगटी पेटते आणि गोवऱ्यांचा धूर थेट उस्मानाबादच्या आमच्या गल्लीपर्यंत पोचतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मी उठते, दार लावते, थोड्या वेळानं उघडते. आठ वर्षांपूर्वी याच दिवसांत येडशीजवळ रामलिंगच्या माळावर आमच्या शाळेच्या मुलींचं शिबीर झालं होतं. तिथं मला एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले नाही, आणि त्यामुळे गोजर नावाच्या मुलीची शाळा सुटली. एवढीच गोष्ट. पण दरवर्षी जोंधळ्याबरोबर तीही वर येते.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडील हैदराबादला सरकारी कचेरीत कारकून. माझं शिक्षण तिथं इंग्रजी शाळेत, नन्सच्या हाताखाली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान विलीन झालं, कचेऱ्यांची उलथापालथ झाली, आणि काही वर्षांनी वडिलांची बदली त्यांच्याच मूळच्या जिल्ह्यात झाली. मी नववीत मराठी शाळेत बसले. घरी मराठीच बोलायचो, पण भूगोलातले शब्द मला दगडासारखे लागत. मुलींनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'मड्डम' ठेवलं. त्या चिडवत नसत, त्यांना तसंच वाटे. मी कमी बोलायची. त्याचा अर्थ काहींनी गर्व असा घेतला, काहींनी सभ्यपणा. खरं म्हणजे मला बोलताना चुकायची भीती वाटे.

माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. उघड्यावर राहायचं कसं, याचं. निळ्या पुठ्ठ्याचं, पानोपानी चित्रं. हिरव्यागार कुरणावर शुभ्र तंबू, प्रत्येक दोर पट्टीनं आखल्यासारखा ताठ, आणि शेजारी किटलीतून वाफ. मी एकही दिवस घराबाहेर झोपले नव्हते, पण ते पुस्तक तोंडपाठ असल्याचा माझा समज होता. शिबिराची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या कवायतीच्या शिक्षिका मोहोळकरबाई म्हणाल्या, "सुधाला यातलं कळतं. तिच्याकडे पुस्तक आहे." मी नाही म्हणाले नाही.

गोजर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिक्षणासाठी मामाकडे राहायची. उंच, हाडापेराची, आणि आवाज असा की प्रार्थनेला तिला मागं उभं करीत. तिच्या घरचे दरवर्षी चैत्रात बैलगाडीनं येरमाळ्याच्या जत्रेला जात आणि पाल ठोकून तीन-चार दिवस माळावर राहत. शिबीर म्हणजे काय हे बाईंनी वर्गात समजावून सांगितलं, तेव्हा गोजर मोठ्यानं म्हणाली होती, "म्हंजी जत्राच की बाई. फकस्त देव न्हाय." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या.

त्या शिबिरातून एका मुलीला हैदराबादच्या मोठ्या शिबिराला पाठवायचं होतं. तेव्हा आमची राजधानी हैदराबाद होती. मला तिकडे जायचं होतं, इतकं की रात्री मी मनातल्या मनात ट्रंक भरत असे. माझी जुनी शाळा, जुनी मैत्रीण, चिंचेचं झाड. तिथं मी बोलत असे. गोजरलाही जायचं होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. येडशीला जाताना ट्रकमध्ये माझ्याशेजारी बसून तिनं ते सांगून टाकलं. "आप्पा म्हनले, बाईनं निवडलं तर तुझ्यात कायतरी हाय म्हनायचं. मग मॅट्रिकपातुर शिक. न्हाय निवडलं तर वैशाखात लगीन." आणि मग हसून, "तू नको लई हुशारी दावू मड्डम. तुला काय, तुझा बाप तुला असाबी शिकवतोय."

मी हसले. तेही उत्तरच होतं.

माळावर उतरल्यापासून पुस्तक आणि जमीन यांचं जमेना. पुस्तकात कुरण होतं, इथं मुरूम. झाडाच्या सावलीत तंबू ठोकावा, असं मी वाचलं होतं. मी बाभळीखालची जागा दाखवली. गोजर म्हणाली, "हितं झोपलीस तर सकाळी पाठीतलं काटं मोजीत बसशील." ओढ्याकाठची सपाट वाळू मला आवडली. ती म्हणाली, "पानी ह्याच वाटंनं येतं, विचारून येत न्हाय." मग तिनं अनवाणी पायानं माळ पालथा घातला, एका उंचवट्याच्या कुशीला थांबली, टाचेनं माती उकरून बघितली, आणि म्हणाली, "हितं." वारं तिथं डोक्यावरून जात होतं. मी वहीत लिहून घेतलं. का, ते मला कळलं नव्हतं. लिहिणं येत होतं म्हणून लिहिलं.

आजही डोळे मिटले की ते चार दिवस तुकड्यातुकड्यांनी येतात. चुलीच्या तीन दगडांचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं की पाठ, यावर झालेलं भांडण. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवणारी गोजर. काजळी त्या मातीवर बसते आणि मातीबरोबर निघून जाते. तुराट्यांचा कडकड आवाज, मग बाभळीचा शांत निखारा. ओढ्याच्या वाळूत हातानं उकरलेला झिरा. पहिलं गढूळ पाणी तांब्यानं उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, आणि मग गप्प बसून राहायचं. तिसऱ्यांदा झिरपून आलेलं पाणी इतकं नितळ की तळाचे वाळूचे कण हलताना दिसत. "घाई केली की गढूळ पेतीस," गोजर म्हणायची. सतरंजीखाली पसरलेला कडबा, त्याचा गोडसर वास, आणि कुशीवर वळलं की त्याची कुजबुज. रामलिंगाच्या मंदिरामागच्या झाडीतून मोराची किंकाळी आली की दोन मुली आईच्या आठवणीनं रडायच्या आणि बाकीच्या त्यांच्यावर हसायच्या.

गाठींचं मात्र मला येत होतं. दोरी घेऊन घरी मी तासन् तास बसले होते. माझ्या गाठी देखण्या, शेपूट आत खोवलेल्या, पुस्तकातल्या चित्रासारख्या. गोजरच्या गाठी दावणीच्या. बैल ओढेल तितक्या घट्ट होणाऱ्या आणि एका झटक्यात सुटणाऱ्या. तिला नाव विचारलं तर म्हणायची, "गाठीला काय नाव असतं? तिला कामून बारसं पायजे?"

तिसऱ्या दिवशी दुपारून आभाळ भरून आलं. पौषातलं आभाळ, पाडेल न पाडेल. आमच्या राहुटीत आम्ही चौघी होतो आणि गोजर आमची प्रमुख. तिनं वर बघितलं, आणि राहुटीभोवती फिरून सगळे दोर बोटभर सैल सोडले.

मी विचारलं, "का?"

"दोर सुताचा हाय. भिजला की आखडतो. काळ्या रानात खुटी उपटून येती, राहुटी वाचती. ह्या मुरमात खुटी येत न्हाय. मग काय फाटल?" तिनं माझ्याकडे बघितलं. "कापड फाटल, मड्डम."

मग ती घागर घेऊन झिऱ्यावर गेली. बाकीच्या दोघी चुलीपाशी. मी राहुटीपाशी एकटी राहिले. थोड्या वेळात तपासणी होणार होती. निवड तपासणीवर होती. राहुटी मला पोक काढलेल्या म्हातारीसारखी दिसत होती. पुस्तकातला तंबू असा नव्हता. मी एक दोर आवळला. मग दुसरा. मग सगळेच, माझ्या सुंदर गाठींनी. बाई आल्या तेव्हा राहुटी ताठ उभी होती. त्यांनी एका दोराला बोट लावून बघितलं. "वा. तारेसारखा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या राहुटीकडे गेल्या.

गोजर परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. तिला सांगायचं माझ्या मनात होतं. पण ते 'वा' मला एकटीला हवं होतं. जेवणं झाली, गाणी झाली, सगळ्या झोपल्या.

पहाटेला झिमझिम सुरू झाली, मग सर आली. कापडाच्या दुकानात नवं कापड टर्रकन फाडतात तसा आवाज झाला आणि गार पाण्याचा लोट आमच्या तोंडावर आला. कोपऱ्याची शिवण उसवून हातभर चीर गेली होती. राहुट्या मागून आणलेल्या होत्या, तशाच परत करायच्या होत्या.

उजाडल्यावर बाईंनी सगळ्या वीस मुलींना ओळीत उभं केलं. आमच्या केसांतून पाणी गळत होतं. बाईंनी विचारलं, "दोर कुणी बांधले होते?"

"म्या, बाई," गोजर म्हणाली. "पर म्या सैल सोडले हुते."

"सैल सोडले असते तर फाटलं असतं का? संध्याकाळी मी स्वतः हात लावून बघितला. तारेसारखा होता."

गोजर फाटक्या कोपऱ्याजवळ गेली. वाकून तिनं तो आखडलेला दोर बघितला. मग सरळ उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. "म्या सैल सोडले हुते," ती पुन्हा म्हणाली, पण आता तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"चूक होते, गोजर. मी चुकीला रागावत नाही," बाई म्हणाल्या. "पण मुलीनं खोटं बोलू नये."

मी ओळीत तिसरी होते. बाईंची नजर एकदा माझ्यावरूनही गेली, आणि थांबली नाही. न बोलणाऱ्या मुलीवर कुणी संशय घेत नाही. ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही मी त्याच्या आडोशाला उभी राहिले. जीभ टाळूला चिकटली होती, हे खरं. पण ती सुटल्यावरही मी बोलले नाही, हेही खरं.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलं. तंबूच्या चित्राच्या मागच्याच पानावर दोन ओळी होत्या: रात्री आणि पावसात दोर सैल करावेत. ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी घातलं, वर कपडे रचले.

निवड माझी झाली. "कमी बोलते, पण नीट आहे," असं बाई म्हणाल्याचं मुलींनी मला सांगितलं. हैदराबादला मी गेले. शाळा होती तिथंच होती, चिंचही होती. मैत्रिणीशी दोन तास बोलले. तिच्या नव्या मैत्रिणींबद्दल ती सांगत राहिली. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मुलींनो, झोपण्याआधी तंबूच्या दोरांचं काय कराल? मला उत्तर येत होतं. मी हात वर केला नाही.

गोजर होळीपर्यंत शाळेत येत होती. माझ्याशी बोलायची, चिडवायचीसुद्धा. नंतर तिची जागा रिकामी दिसू लागली, आणि जूनमध्ये तिथं दुसरी मुलगी बसली.

आता राजधानी मुंबई झाली. मी शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाले, आणि मोहोळकरबाई मुख्याध्यापिका. यंदा दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. "पुन्हा रामलिंगला शिबीर करायचं आहे. तूच घेऊन जा मुलींना. पालकांना मी सांगितलंय, सुधाबाई खोटं बोलायच्या नाहीत, मुली सुखरूप येतील." त्या दिवसापासून झोप गेली. पंधरा दिवस मी घरात खोल्या बदलत फिरले. एका खुर्चीत बसले की दुसरी बरी वाटे. वहीत याद्या करायची, खोडायची. दोर किती, खुंट्या किती, हे लिहिताना अक्षर वाकडं येई.

जागा बघायला म्हणून येडशीला गेले तर बाजाराचा दिवस होता. बसमधून उतरले आणि मागून आवाज आला. तो प्रार्थनेला मागं उभा करायचा आवाज.

"वळखलं का मड्डम?"

डोक्यावर पदर, कडेवर मूल, हातात मिरच्यांची पिशवी. येडशीलाच दिलेली होती ती. तिनं मला तिच्या शेतात नेलं, बांधावर बसवलं, घोंगडी अंथरली. इकडचं तिकडचं बोलत राहिली. सासू कशी, विहिरीला पाणी किती, थोरला पोरगा किती उनाड. आता ती मला 'तुमी' म्हणत होती. ते मला टोचत होतं. मी जोंधळ्याचं एक पान हातात घेऊन उभं फाडत होते. शेवटी म्हणाले, "गोजर, ते दोर..."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "गाठ बगूनच कळलं. शेपूट आत खोवल्याली. असली गाठ पंचक्रोशीत तुमीच मारता."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मुलाच्या नाकाला पदर लावला. "म्या कामून बोलू? गाठ तुमची हुती. दिसभर वाट बगितली, आता बोलतील, मग बोलतील. राती म्हनलं, जाऊ दे, हिला बोलवतच नसल. लाजाळू हाय." ती हसली. "लई राग आला हुता, बरं का. लगीन झालं तरी हुता. मग कामात कुठं गेला, कळलं न्हाय."

ती रागावली असती तर मी तिथं बसू शकले असते. मी घाईनं उठले. बसला अजून दीड तास होता, तरी उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाईंच्या खोलीत गेले. त्या चष्मा पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिलं वाक्य मात्र दोनदा सुरू करावं लागलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"आठ वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तिला वीस मुलींदेखत खोटारडी म्हटलं, सुधा." त्यांचा आवाज फुटला नाही, उलट कोरडा झाला. "हे तू दार लावून मला एकटीला सांगतेस. मुलींसमोर सांग. मीही येते तिथं. मलाही तिला काही सांगायचं आहे."

परवा आम्ही रामलिंगला उतरलो. बाई आमच्याबरोबर ट्रकमध्ये बसून आल्या, या वयात. दुपारी मी गोजरला बोलावणं धाडलं होतं. ती धाकट्याला कडेवर घेऊन आली आणि मुलींच्या मागं उभी राहिली. मुली नव्या, त्यांना कशाचा काही पत्ता नाही. राहुट्यांचे गठ्ठे अजून बांधलेलेच होते. माळावर तेच वारं.

मी बोलले. कुणी बांधलं, कुणी आवळलं, कुणाला खोटं ठरवलं, कोण गप्प राहिलं आणि निवड कुणाची झाली. सगळं मिळून पाच-सहा वाक्यं झाली. आठ वर्षं जे उचलत नव्हतं, ते एवढंसंच निघालं. मग बाई दोन पावलं पुढं आल्या आणि मुलींच्या डोक्यांवरून गोजरकडे बघत म्हणाल्या, "गोजर, तू खरं बोलत होतीस. मी ऐकून घेतलं नाही." गोजरनं पदर सारखा केला. ती मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत राहिली.

मला वाटलं, झालं. आता आतलं थांबेल. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बारक्या मुलीनं हात वर केला. "बाई, मग त्यांच्या शाळेचं काय झालं?"

सगळ्या मुलींच्या माना गोजरकडे वळल्या. बाईंनी खाली बघितलं. गोजरनं तोंड उघडलं; ती काहीतरी हसण्यावारी नेणारं बोलणार होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. तिला ते बोलायला लागू नये, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

"सुटली," मी म्हणाले. "माझ्यामुळे."

वारा आला. मग गोजरनं मूल माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात मुलींना म्हणाली, "बगत काय ऱ्हायल्यात? आभाळ बगा कसं आलंय. घ्या खुट्या."

मूल जड होतं. ते माझ्या खांद्यावर चुळबुळत राहिलं, आणि मी त्याला घेऊन उभ्या राहणाऱ्या राहुट्यांच्या मधून येरझाऱ्या घालत राहिले.